पेटीवरून पियानोकडे वळताना: यामाहा पी-४५ या डिजिटल पियानोचे परीक्षण

ज्याच्या घरात पेटी आहे किंवा ज्याने शाळकरी वयात काही राग पेटीवर गिरवले आहेत, अशा माणसाने कोल्हापुरात पियानो शिकण्याचा विचार बोलून दाखवला, की त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: आधी ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड घ्या, हात बसला की मोठ्या वाद्याचे पाहू. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरीही तो मला पटत नाही. पियानोवर जी गोष्ट सर्वांत आधी शिकायची असते तीच त्या कीबोर्डवर शिकता येत नाही, आणि वर्षभराने मोठे वाद्य घरात आले तरी बोटांना लागलेली सवय सहजासहजी सुटत नाही. यामाहा कंपनीचा पी-४५ हा डिजिटल पियानो नवशिक्याच्या हाताला नेमके काय देतो आणि काय देत नाही, हे पेटीची सवय असलेल्या वाचकाला समोर ठेवून येथे लिहीत आहे. हे वाद्य २०१५ साली बाजारात आले आणि २०२३ मध्ये त्याची जागा पी-१४५ या नव्या मॉडेलने घेतली. परंतु पी-४५ अनेक घरांत अजून वापरात आहे आणि जुन्या बाजारात तो मिळू शकतो, त्यामुळे त्याचे परीक्षण शिळे झालेले नाही.

दिसायला हे वाद्य अगदी साधे आहे. लांबी सुमारे १३३ सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटरहून थोडी कमी आणि वजन साडेअकरा किलो. मोठ्या पियानोवर असतात तेवढ्याच ८८ पट्ट्या यावर आहेत, म्हणजे ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आपली नेहमीची पेटी तीन ते साडेतीन सप्तकांची असते, तर येथे सात सप्तके भरून वर थोडे उरते. पहिल्यांदा समोर बसणाऱ्याला मध्य सप्तकाचा सा शोधावा लागतो. पांढरी एक हा सा धरला, तर मधला सा डावीकडून चाळिसावी पट्टी आहे. वर चालू-बंद करण्याचे बटण, आवाज कमीजास्त करण्याची कळ आणि आणखी एकच बटण. पडदा नाही, तालांची यादी नाही, लुकलुकणारे दिवे नाहीत. दहा प्रकारचे आवाज आत आहेत, पण त्यांच्याविषयी मी फारसे लिहिणार नाही, कारण शिकणाऱ्याला त्यांतला पहिला, म्हणजे ग्रँड पियानोचा, एवढाच पुरेसा आहे आणि ते एकुलते बटण दाबताच तो परत येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पेटीवर पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाजाच्या तीव्रतेत फरक पडत नाही. आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे. उत्तम पेटीवादक सगळा भाव भात्याच्या हातातून काढतो, आणि कोल्हापूरने तर गोविंदराव टेंबे यांच्यासारखा संवादिनीवादक पाहिलेला आहे, त्यामुळे भाता किती बोलू शकतो हे येथल्या रसिकाला सांगायला नको. पियानोची रचना याच्या अगदी उलट आहे. इटलीतील फ्लॉरेन्स येथे १७०० सालाच्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य बनवले, त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जात असे आणि बोटाच्या जोराचा आवाजावर नावापुरताच परिणाम होत असे. क्रिस्तोफोरीने तारेवर पडणारी हातोडी आणली. ती तारेवर आदळून लगेच मागे येते, आणि पट्टी ज्या वेगाने खाली जाईल त्या वेगाने हातोडी उडते. म्हणजे प्रत्येक स्वराची तीव्रता, आणि काही प्रमाणात त्याचा पोतही, त्या एका बोटाने त्या एका क्षणी ठरतो. भात्याचे सगळे काम दहा बोटांत वाटले गेले आहे, असे समजले तरी चालेल.

साध्या कीबोर्डच्या पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या आणि हलक्या असतात. त्यांतल्या काहींना बोटाचा वेग कळतो, पण बोटाला मात्र पट्टीचे वजन कळत नाही. पी-४५ मध्ये यामाहाने ‘ग्रेडेड हॅमर स्टँडर्ड’ नावाची यंत्रणा वापरली आहे. तीत प्रत्येक पट्टीला खरोखरचे वजन जोडलेले असते, पट्टी दाबताना ते उचलले जाते, आणि खर्जाकडच्या पट्ट्या जड तर तार सप्तकाकडच्या हलक्या, अशी चढउतार ठेवलेली असते, कारण खऱ्या पियानोतही खालच्या स्वरांच्या हातोड्या मोठ्या असतात. पेटीवर हात तयार झालेल्या माणसाला हा जडपणा सुरुवातीला नकोसा वाटतो. करंगळी आणि अनामिका लवकर थकतात, मनगट आखडते, आणि पेटीवर सहज निघणारी तान येथे अडखळत निघते. याच टप्प्यावर अनेकांना वाटते की वाद्यातच काही दोष आहे. दोष नसतो, पट्टी बोटाच्या स्नायूंनी ढकलायची नसून हाताचे वजन बोटाच्या टोकातून तिच्यात सोडायचे असते, हे शरीराला अजून कळलेले नसते. वजन असलेल्या पट्टीवाचून हे कळण्याचा दुसरा मार्ग माझ्या माहितीत नाही.

यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेला सराव अगदी साधा आहे. एकच पट्टी, समजा मध्य सप्तकाचा प, एकाच बोटाने आधी जेमतेम ऐकू येईल इतका हळू वाजवायचा आणि मग पाच-सहा पायऱ्यांत चढत पूर्ण आवाजापर्यंत न्यायचा, व पुन्हा तसेच उतरायचे. पायऱ्या सारख्या अंतराच्या झाल्या पाहिजेत. नंतर हेच दुसऱ्या बोटाने, मग डाव्या हाताने. पी-४५ या सरावाला प्रामाणिकपणे उत्तर देतो: अगदी हळू वाजवताना पट्टी अर्धवट दाबली गेली तर स्वर येतच नाही, जसा तो खऱ्या पियानोवरही येत नाही. वाद्यात स्पर्शाच्या संवेदनेचे चार पर्याय आहेत. त्यांतला ‘सॉफ्ट’ हा थोड्या जोरात मोठा आवाज देतो आणि पेटीची सवय असलेल्याला तोच आवडण्याचा संभव आहे; ‘फिक्स्ड’ या पर्यायात तर कसेही वाजवा, आवाज तेवढाच येतो. शिकणाऱ्याने मूळचा ‘मीडियम’ बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या यंत्रणेची मर्यादाही सांगायला हवी. पट्टीखाली वेग मोजणारे संवेदक दोन आहेत, तीन नाहीत, त्यामुळे एकच स्वर भराभर पुन्हा वाजवायचा असेल तर पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. पट्टीची आतली बाजू, म्हणजे काळ्या पट्ट्यांच्या मधला भाग, दाबायला जास्त जोर लागतो, कारण टेकू जवळ येतो. मोठ्या ग्रँड पियानोत पट्टी आतपर्यंत लांब असल्याने हा फरक कमी जाणवतो. पहिली दोन-तीन वर्षे या गोष्टींनी कोणाचे काही अडेल असे मला वाटत नाही.

पेटीवाल्याला दुसरा धक्का बसतो तो स्वराच्या आयुष्याचा. भाता चालू आहे आणि पट्टी दाबलेली आहे तोवर पेटीचा स्वर जिवंत राहतो. पियानोचा स्वर मात्र वाजल्या क्षणापासून विरू लागतो, आणि पट्टी धरून ठेवली तरी तो परत वाढवता येत नाही. मग सलग गाता सूर कसा आणायचा? त्याचे उत्तर बोटांच्या जोडकामात आहे. पुढचा स्वर लागल्यावरच मागचे बोट उचलायचे, आणि पुढच्या स्वराची तीव्रता मागच्या विरत आलेल्या स्वराला जुळेल इतकी ठेवायची. विलंबित लयीतली एखादी साधी ओळ अशी वाजवून पाहिली, की स्पर्शाचा सराव कशासाठी होता हे आपोआप उमगते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, येथेही नाही, ती पेटीवरही नव्हती. पण स्वर विरत जाण्यामुळे दोन स्वरांमधल्या पोकळीकडे कान जातो, आणि ती पोकळी भरण्याचे जे कौशल्य येते ते पेटीवर परत गेल्यावरही कामी येते, असा माझा अनुभव आहे.

पेडलचे काम यानंतरचे. वाद्यासोबत एक लहान पायकळ येते. ती दाबली की पट्टीवरून बोट उचलले तरी स्वर चालू राहतो. नवशिके ती दाबून धरतात आणि सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. योग्य पद्धत अशी की नवी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, वाजते त्याच क्षणी पाय उचलायचा आणि लगेच पुन्हा दाबायचा, म्हणजे जुने स्वर पुसले जातात आणि नवे धरले जातात. हात खाली जाताना पाय वर येतो, या उलट्या हालचालीची सवय व्हायला वेळ लागतो. सोबत येणारी कळ केवळ चालू किंवा बंद एवढेच जाणते. अर्धे पेडल, म्हणजे स्वर थोडेसे दाबून पातळ करण्याची सोय, हवी असेल तर यामाहाचे एफसी३ए हे पेडल वेगळे घ्यावे लागते आणि पी-४५ ते ओळखतो. तीन पेडलांचा संच मात्र याला जोडता येत नाही. फरशी गुळगुळीत असेल तर अशा हलक्या कळीखाली रबरी चटई घालावी, नाहीतर पाय तिच्या मागे मागे सरकत राहतो.

खऱ्या पियानोत पेडल दाबल्यावर सर्व तारा मोकळ्या होतात आणि न वाजवलेल्या ताराही झंकारू लागतात. सतारीच्या तरफा कशा बोलतात हे जाणणाऱ्याला याची कल्पना लगेच येईल. पी-४५ च्या ध्वनीत हा झंकार नाही. त्यात आहे तो मुद्रित केलेला स्वच्छ स्वर आणि त्यावर थोडा घुमारा. कान तयार झालेल्या माणसाला हा फरक जाणवतो, आणि मला तो या वाद्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. स्पीकर केवळ सहा-सहा वॅटचे आहेत याहूनही मोठी. एकाच वेळी ६४ स्वर धरून ठेवण्याची क्षमता ऐकायला भरपूर वाटते, पण स्टिरिओ मुद्रणामुळे एकेका स्वराला दोन जागा लागू शकतात आणि पेडल दाबून लांबलचक वाजवले तर सुरुवातीचे स्वर गळू शकतात. नवशिक्याच्या वादनात मात्र असा प्रसंग जवळपास येत नाही.

डाव्या हाताविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे पेटी शिकलेल्या माणसाचा डावा हात पट्ट्यांना जवळजवळ परका असतो. त्याचे आयुष्य भाता ओढण्यात गेलेले असते. पियानोत अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ असे क्रमांक दोन्ही हातांना आहेत. पांढरी एक सा धरून शुद्ध स्वरांचे सप्तक वाजवताना उजव्या हाताने सा रे ग हे १ २ ३ ने वाजवून अंगठा तळाखालून म वर न्यायचा आणि पुढे ५ पर्यंत जायचे. डाव्या हाताने करंगळीने सुरुवात करून प पर्यंत अंगठ्याला यायचे आणि मग मधले बोट अंगठ्यावरून ध वर टाकायचे. दोन्ही हातांची वळणे वेगवेगळ्या जागी येतात, म्हणूनच दोन्ही हात एकत्र चालवणे अवघड जाते. यावर एक तोडगा असा की आरंभी दोन्ही अंगठे एकाच मधल्या सा वर ठेवून उजवा हात वर आणि डावा खाली असे विरुद्ध दिशांना जायचे. तेव्हा दोन्ही हातांत सारखीच बोटे एकाच वेळी पडतात आणि डोक्यावरचा भार हलका होतो.

आपले पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाने चढत जाणारे स्वरांचे तुकडे, येथे फार कामाला येतात. सारेगम, रेगमप हा पलटा पाच बोटांच्या एकाच बैठकीत, १२३४ आणि २३४५ असा बसतो, अंगठा वळवावा लागत नाही, आणि अनामिका व करंगळी या दुबळ्या बोटांना नेमके हवे ते काम मिळते. सागप, मधसां आणि पनिरें हे तीन-तीन स्वरांचे गट डाव्या हाताने कॉर्ड म्हणून धरायला शिकले, की वरच्या हाताने वाजवलेल्या कितीतरी सोप्या चालींना आधार मिळतो. विदेशी पुस्तकांतले व्यायाम वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही, ते करावेतच. पण ज्याच्या कानात पलटे आधीच मुरलेले आहेत, त्याने आपले निम्मे लक्ष अनोळखी चालीवर खर्च करण्यापेक्षा ओळखीच्या पलट्यात ते सगळे बोटांकडे द्यावे. शिकवणारा सोबत असेल तर पी-४५ मधली ‘ड्युओ’ ही सोय उपयोगी पडते: पट्ट्यांचे दोन भाग होतात आणि दोन्हींत तेच सप्तक मिळते, त्यामुळे शिक्षक डावीकडे वाजवतात आणि शिष्य उजवीकडे त्याच उंचीत उत्तर देतो. गुरूने म्हणावे आणि शिष्याने परत म्हणावे ही आपली तालीम त्यामुळे पियानोवरही जशीच्या तशी चालते.

मेट्रोनोम आत आहे, ३२ पासून २८० पर्यंतच्या गतीचा. मात्र तो चालू करायला ते एकुलते बटण धरून ठरावीक पट्टी दाबावी लागते, आणि कोणती पट्टी कशासाठी हे वाद्यावर लिहिलेले नाही. सोबतच्या पुस्तिकेतला तो तक्ता कागदावर उतरवून वाद्याच्या मागच्या भिंतीला लावावा, एवढाच त्यावर उपाय. मुद्रणाची सोय वाद्यात नाही. स्वतःचे वादन ऐकण्यासाठी मोबाइल समोर ठेवून ध्वनिमुद्रण करणे पुरते, किंवा यूएसबीची तार संगणकाला जोडावी.

स्वरलेखनाचा प्रश्न प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला पडतो. आपल्याकडे कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची आणि भातखंड्यांची अशा दोन स्वरलिपी चालतात, आणि गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा दिलेल्यांना त्यांची सवय असते. पियानोसाठी पाच रेघांच्या दोन ओळी, वरची बहुधा उजव्या हाताची आणि खालची डाव्या हाताची, वाचायला शिकण्याला पर्याय नाही. दोन हात एकाच वेळी काय करतात हे एका नजरेत दाखवणे ही त्या लिपीची ताकद आहे. आपल्या लिपी मुख्यतः एका ओळीच्या गायनासाठी घडल्या. सरगम लिहून शिकवणारे काही वर्ग आहेत आणि सुरुवात म्हणून ते ठीक, पण दोन्ही हात वेगळे बोलू लागले की सरगम अपुरी पडते. परीक्षा देण्याचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ट्रिनिटी कॉलेज, लंडन या संस्थेच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. कीबोर्डच्या वर्गात केलेली तयारी पियानोच्या परीक्षेला तशीच चालेल असे गृहीत धरू नये. वर्ग निवडताना प्रवेश घेण्याआधी वर्गात जाऊन वाद्य पाहावे. पाटीवर पियानो लिहिलेले आणि आत हलक्या पट्ट्यांचे कीबोर्ड मांडलेले असतील, तर फी भरण्यापूर्वी शिक्षकांना त्याविषयी सरळ विचारावे.

गाणाऱ्यांसाठी एक टिपण. काळी चार किंवा काळी दोन मध्ये गाणाऱ्या माणसाला पियानोवर त्या सुरात वाजवणे नवशिकेपणी जमत नाही. पी-४५ मध्ये सहा अर्धस्वर खाली किंवा वर सरकवण्याची सोय आहे, म्हणजे बोटे पांढरी एकच्या ठिकाणी ठेवून आवाज काळी चारचा मिळू शकतो. साथीपुरता तिचा वापर करायला हरकत नाही, पण सरावात तिची सवय लावून घेऊ नये. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा वारसा सांगणाऱ्या आणि १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था चालवणाऱ्या या शहरात तंबोऱ्यावर तयार झालेले कान पुष्कळ आहेत. त्यांना पियानोचा शुद्ध गंधार चढा लागेल, आणि त्यांचे ऐकणे बरोबर आहे. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे पियानोवरच्या अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, तर बारा समान भाग केलेल्या पियानोत तो ४०० सेंटवर येतो. पेटीच्या बाबतीत हा वाद जुना आहे. पियानोला मी रागगायनाच्या मापाने मोजत नाही. त्याचे सौंदर्य स्वरांच्या एकत्र वाजण्यात आणि स्पर्शाच्या छटांत आहे, आणि त्यासाठी समान अंतरांची ही तडजोड त्याने पत्करलेली आहे.

तारांचा खरा पियानोच का घेऊ नये, असेही कोणी विचारेल. ज्याच्याकडे जागा, पैसा आणि तो सुरात ठेवणारा कारागीर आहे, त्याने अवश्य घ्यावा. पण दोनशेहून अधिक तारांचे ते वाद्य वर्षातून एक-दोनदा तरी सुरात लावावे लागते, आणि आपल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकूड आणि नमदा यांना सोसत नाही. सतार-तंबोऱ्यासाठी आपल्याला ५० किलोमीटरवर मिरज आहे, जेथील या दोन वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पियानोसाठी असा शेजार नाही. शिवाय २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत, त्या शाहूपुरीतील कुंभार गल्लीत किंवा नागाळा पार्कच्या सखल भागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की साडेअकरा किलोचे वाद्य दोघे मिळून वरच्या मजल्यावर सहज नेऊ शकतात. उभा पियानो दोनशे किलोंच्या घरात असतो. वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. वाद्य बॅटरीवर चालत नाही, त्यामुळे वीज गेली की सराव इन्व्हर्टरवर करावा लागतो. अर्धा तास पट्टी दाबली नाही तर ते आपोआप बंद होते. हे बिघाडाचे लक्षण नव्हे, आणि सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून वाद्य चालू केले की ही सोय रद्द होते. हेडफोनची जोडणी आहे, आणि सदनिकेत राहणाऱ्यांना रात्री तिचाच आधार असतो. मात्र पट्ट्या खाली आपटल्याचा ठकठक आवाज हेडफोन लावूनही खालच्या घरात पोचू शकतो, म्हणून पायांखाली जाड सतरंजी असावी.

बैठकीकडे फार कमी लोक लक्ष देतात. पियानोच्या पट्ट्यांची पातळी जमिनीपासून सुमारे ७२ ते ७३ सेंटिमीटर असते. जेवणाचे टेबलच साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, त्यावर हे वाद्य ठेवले तर पट्ट्या खूपच वर जातात, खांदे उचलले जातात आणि मनगट मोडते. कंपनीचा लाकडी स्टँड वेगळा मिळतो. तो घ्यायचा नसेल तर सुताराकडून हव्या त्या उंचीची भक्कम घोडी करून घ्यावी. कैचीच्या आकाराचे लोखंडी स्टँड स्वस्त असतात, पण जोर देऊन वाजवताना डुलतात. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर यावे, एवढे पाहून खुर्चीची उंची ठरवावी. आपल्याला पेटीपुढे मांडी घालून बसण्याची सवय असते. येथे पाय जमिनीवर टेकलेले आणि पाठ मोकळी हवी, नाहीतर हाताचे वजन बोटांपर्यंत पोचतच नाही.

याच किमतीच्या आसपास इतर पर्यायही आहेत आणि ते पाहूनच निर्णय घ्यावा. रोलंडच्या एफपी-१० मध्ये पट्ट्यांची यंत्रणा अधिक बारकाईची आहे, एका वेळी ९६ स्वर राहतात आणि ब्लूटूथने मोबाइल जोडता येतो. केवळ स्पर्शाचा विचार केला तर तो मला पी-४५ हून सरस वाटतो. कॅसिओचा सीडीपी-एस११० हलका आहे आणि बॅटरीवरही चालतो, ज्याचा उपयोग वीज वारंवार जाणाऱ्या गावांत होईल. पी-१४५ मध्ये नवी यंत्रणा आहे, आकार थोडा लहान आणि वजन ११.१ किलो आहे. नवे वाद्य घ्यायचे तर या तिन्हींवर हात ठेवून पाहावा. मात्र दुकानात गेल्यावर लगेच आवाजांची यादी वाजवून दाखवली जाते. एका दुकानात तर मला पट्ट्यांचे वजन विचारल्यावर तालांची संख्या सांगण्यात आली. तेव्हा विक्रेत्याला थांबवून सांगावे की ग्रँड पियानोचा आवाज लावा, बाकी काही नको. मग खर्जापासून तारापर्यंत प्रत्येक भागात एक-एक स्वर हळू, मध्यम आणि जोरात वाजवावा. हळू वाजवताना स्वर हातात राहतो की नाही, हे त्यावरून कळते.

पी-४५ जुना घेणाऱ्याने सर्व ८८ पट्ट्या एकेक करून याच रीतीने तपासाव्यात, कारण एखाद्या पट्टीचा संवेदक खराब झाला असेल तर ती शेजारच्या पट्ट्यांपेक्षा एकदम मोठ्याने वाजते किंवा हळू दाबल्यावर मुकी राहते. पट्टी सोडल्यावर ती आपल्या पातळीला परत येते का, ओळीतली एखादी पट्टी बाजूला कलली आहे का, पेडल सोडल्यावर स्वर लगेच थांबतो का, आवाज कमीजास्त करताना खरखर येते का, हेही पाहावे. अडॅप्टर मूळचा १२ व्होल्टचाच आहे याची खात्री करून घ्यावी आणि वाद्य किमान अर्धा तास चालू ठेवून मगच व्यवहार करावा. ज्यांना लग्नसमारंभात किंवा भजनी मंडळात तालांसह गाणी वाजवायची आहेत, त्यांच्यासाठी हे वाद्य नाही. त्यांनी ६१ पट्ट्यांचा कीबोर्डच घ्यावा, आणि तो त्यांना चांगली साथ देईल.